दैत्य, ठेंगू आणि सहा रेघा

भरती निघाली की जालन्याच्या सकाळी बदलतात. रस्त्याच्या कडेनं पोरी पळायला लागतात. अंगात भावाचा जुना टी-शर्ट, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, बुटाची नाडी तुटली म्हणून सुतळी ओवलेली. धुक्यातून येतात आणि धुक्यात जातात, मागे राहतो तो फक्त धापा टाकल्याचा आवाज. याच थंडीत आमच्याकडे मोसंबीच्या बागा ताणावर सोडतात. झाडाचं पाणी तोडायचं, त्याला तहानेनं व्याकूळ होऊ द्यायचं, पानं मलूल झाली की मग पाणी द्यायचं. जिवाच्या आकांतानं ते झाड फुलतं. पण ताण किती दिवस द्यायचा याला माप असतं. ते चुकलं तर झाड फुलत नाही, वाळतं. आमच्या शहागडच्या मळ्यात मी अशी दोन झाडं वाळलेली पाहिली आहेत.

मी स्वतः पोलिसात आहे. दहा वर्षांपूर्वी अशाच थंडीत अशीच पळाले आणि लागले. भरतीचे दिवस आले की ओळखीचे लोक पोरींना माझ्याकडे घेऊन येतात, मावशीच्या पाया पड म्हणतात. त्यांना काय सांगू, या दिवसांत मला घास गिळवत नाही. यंदा तर मैदानावरच्या कामाची यादी लागली आणि माझं नाव उंचीच्या टेबलावर आलं. यादी वाचली आणि मी हात धुवायच्या निमित्तानं बाहेर जाऊन नळाशी उभी राहिले. नळ चालू, हात कोरडे.

त्याच दुपारी सारिकाचा फोन आला.

"सुषे, आपली वैष्णवी यंदा भरतीला उतरून राह्यली. भावाची पोरगी गं माझी, तवा तिसरीत व्हती ती. रविवारी सकाळी घेऊन येते तुझ्याकडं. तू मोज."

"अगं, मशीन असतंय आता. वडीगोद्रीतच कुणीबी मोजून देईल."

"मशीन राहू दे बाजूला. तुझ्या हातचं माप पाह्यजे मला. तू म्हणलीस भरती, तर भरती. न्हाई म्हणलीस तर वनरक्षकाचा फॉर्म भरते तिचा. मंगळवारी मुदत संपती त्याची."

मी ये म्हणाले. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की रविवार दोनच दिवसांवर आहे.

*

वडीगोद्रीत हायवेला लागून टायर पंक्चरचं दुकान होतं आणि त्याच्यावर दोन खोल्या. तीच आमची अकॅडमी. फौजेतून निवृत्त झालेले एक सर ती चालवायचे. पहाटे आणि संध्याकाळी मैदान, मधल्या वेळात खोलीत अभ्यास. खाली ट्रकचं चाक उघडायचा खणखणाट, वर आम्ही जिल्ह्यांची मुख्यालयं पाठ करणार. दुपारी पत्रा तापायचा, हिवाळ्यातसुद्धा. पुस्तकावर डोकं टेकून झोपलेल्या पोरींच्या गालावर शाई उमटायची. त्या खोलीत सारिका होती, उज्ज्वला होती, शबाना होती आणि मी. बाकीच्या यायच्या-जायच्या. आम्ही चौघी मात्र चिकटून बसलो होतो.

सारिका गावातलीच. बापाची मेंढरं. लहानपणी गोदावरीच्या काठानं बापाबरोबर हिंडलेली, त्यामुळे पळायला वाऱ्यासारखी. सोळाशे मीटर पळून आली तरी बोलताना दम लागलेला कळायचा नाही. गोळा तर अशी फेकायची, की सर म्हणायचे, मूर्ती लहान पण कीर्ती महान. त्या म्हणीतला दुसरा शब्द तिला चावायचा. मुलींना उंची लागते एकशे पंचावन्न सेंटिमीटर. आदल्या भरतीत ती एकशे त्रेपन्न आणि नऊ रेघांवर, म्हणजे नऊ मिलिमीटरवर, मागे फिरली होती. बापानं तिला तीन हिवाळ्यांचा शब्द दिला होता. तीन हिवाळे मी एकटा मेंढरं बघतो, तुझं तू कर, त्यानंतर मात्र आम्ही सांगू तिथं लग्न. पहिल्या हिवाळ्यात उंची भरली नाही. दुसऱ्या हिवाळ्यात भरतीच निघाली नाही. हा तिसरा होता.

आणि त्या तिसऱ्या हिवाळ्यात आम्ही एक खेळ खेळायचो.

माझी मावसबहीण संभाजीनगरला कॉलेजात होती. तिनं मला काही छापील कागद दिले होते, इंग्रजीतले. ना पट, ना सोंगट्या. एकीनं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरून, आपण काय करतो ते बोलायचं. समोर पडका किल्ला आहे, आत साप आहे, काय करतेस बोल. जमेल की नाही ते फासा ठरवणार, आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. वीस बाजूंचा फासा वडीगोद्रीत कुठून आणायचा? आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून स्टीलच्या डब्यात टाकल्या. गोष्ट सांगणारी मी, म्हणून चिठ्ठी काढून वाचणारीही मीच. मला त्या सूत्रधार म्हणायच्या.

पण गोष्ट सुरू व्हायच्या आधी एक ठरवावं लागायचं. आपण कोण? कागदात वेगवेगळ्या वंशांची यादी होती, त्यातला एक ज्यानं त्यानं उचलायचा. हे मी समजावून सांगितलं तेव्हा उज्ज्वलानं पेन खाली ठेवलं.

"म्हंजी जात निवडायची? आपण आपली?"

"तसंच काहीतरी."

"अन् पडताळणी? दाखला कोणत्या तहसीलचा जोडायचा?"

इतक्या हसलो, की सर काठी घेऊन वर आले. महिनाभर तहसीलच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या पोरी आम्ही. जन्माला येताना कुणी विचारलं नव्हतं, आणि इथं एक छापील कागद म्हणत होता, हवं ते उचल. हसू ओसरलं. मग आम्ही त्याला जमात म्हणायचं ठरवलं, त्या शब्दाला ओझं कमी वाटलं म्हणून. दैत्य, लांबकाने, ठेंगू आणि माणूस, अशा चार जमाती मराठीत आणल्या.

उज्ज्वलानं लांबकानी घेतली. ही माणसं हडकुळी, देखणी, रानात राहणारी. पण तिला त्यांच्या दिसण्याशी देणंघेणं नव्हतं. "सातशे वरसं जगतेत म्हणं. बास. वयोमर्यादाच न्हाई. कितीबी भरत्या दे." शबानानं सगळ्यात आधी माणूस उचलला आणि आम्ही तिला वेड्यात काढलं. एवढ्या जमाती सोडून माणूस कशाला? ती म्हणाली, "इसमें लिखा है, माणूस कुठंबी राहतो. गावात गेला तर कुणी विचारत न्हाई, तू कुठला म्हणून. मुझे वही होना."

सारिकानं दैत्य घेतला. साडेसात फूट. "माझी काय बी ताकद नको वाढवू," ती मला म्हणाली, "ताकद हाय माझ्याकडं. फकस्त एकदा दारातून वाकून जायचं हाय मला. डोकं लागंल म्हणून." मग प्रत्येक खेळात, किल्ला असो की गुहा, मी तिच्यासाठी एक दार ठेवायचेच. आणि ती मांडी घातल्या जागी मान खाली घालून, हात पुढे करून त्या दारातून जायची. इतकी मनापासून, की पलीकडे गेल्यावर तिची मान वर यायची तेव्हा खरंच वाटायचं, ही उठून उभी राहिली तर पत्र्याला लागेल.

आता फोनवर तसले खेळ खेळणारी पोरं बसमध्ये शेजारी दिसतात. कुणी शिंगं लावून बसलेला असतो, कुणी पंख. लोक म्हणतात, माणूस आपल्याला व्हायचं असतं तेच निवडतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. चप्पल जिथं चावते, तिथंच हात जातो. उज्ज्वलाला अमर व्हायचं नव्हतं, तिला वर्षं पुरत नव्हती. शबानाला माणूस होण्याची काय हौस, ती माणूसच होती, तिला फक्त कुणी विचारायला नको होतं. सारिकाला तर दैत्याचं काहीच नको होतं. अकरा रेघा कमी पडल्या होत्या तिला, साधी बोटाची रुंदी, आणि त्यासाठी बिचारीनं साडेसात फूट अंगावर घेतले. आपल्या हातात असतं तर माणसानं इतकं जास्तीचं कधी मागितलं असतं का?

माझी जमात कोणती असं त्यांनी कधी विचारलं नाही. सूत्रधाराला जमात नसते. तो डबा हातात धरून बसतो, चिठ्ठी काढतो, आकडा सांगतो. सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. हे पद वाईट. मी आज सांगते, फार वाईट.

कारण मी खोटं वाचायचे. सारिकाची चिठ्ठी निघायची आठची, मी वाचायचे पंधरा. मैदानावर दिवसभर मरणारी पोरगी, दुपारी दोन घटका तरी जिंकू दे की. चिठ्ठी वाचून मी लगेच डब्यात टाकून हलवायचे. कुणी तपासायचं नाही. "सुषीचा हात सरळ हाय," असं सारिका सगळ्यांना सांगायची.

*

उंची मोजायचं कामही त्या सरळ हातालाच दिलं होतं. जिन्याशेजारच्या भिंतीवर सुताराची टेप उभी चिकटवलेली. रविवारी सकाळी पोरगी भिंतीला टाचा लावून उभी राहायची, मी तिच्या डोक्यावर कंपासपेटी आडवी धरायचे, पेन्सिलनं रेघ मारायचे आणि आकडा सांगायचे. सकाळीच मोजायचं, कारण रात्री झोपून माणूस लांबतं आणि दिवसभर उभं राहून दबतं. हे आमच्याकडे भरतीच्या प्रत्येक पोरीला ठाऊक असतं. उंचीवर काठावर असलेल्या पोरी त्यासाठी काय काय करतात! आडव्या दांड्याला लोंबकळतात, पायाला विटा बांधून घेतात. सारिका खालच्या लिंबाच्या फांदीला दोन वर्षं लोंबकळली. तळहाताची सालं निघायची, ती हळद लावून पुन्हा लोंबकळायची.

आणि ती वाढत होती, हेच तर वाईट. रेघा-रेघांनी का होईना, वाढत होती. त्रेपन्न-नऊ. चौपन्न-एक. चौपन्न-चार. मग थांबली. चार रविवार चौपन्न-चारच. मी सांगायचे आणि ती मान डोलवायची, चप्पल घालायची, लिंबाकडे जायची.

पाचव्या रविवारी तिचा बाप आला होता. अकॅडमीत तो कधीच यायचा नाही. मेंढरं शहागडच्या अंगाला नदीवर सोडून आला होता. खांद्यावर घोंगडी, पायऱ्या चढून दारात थांबला, आत आला नाही. सारिका भिंतीला लागली. मी कंपासपेटी धरली. टेपवर तीच जागा, चौपन्न-चार. मी मागे वळून पाहिलं तर तो माझ्या तोंडाकडे बघत होता. टेप त्याला वाचता येत नव्हती.

"भरती का पोरगी?" त्यानं विचारलं.

चिठ्ठी काढावी तशी मी म्हणाले, "भरती की काका. बराबर पंचावन्न."

इतकं सोपं होतं ते. कंपासपेटी थोडी वर सरकली, पेन्सिलची रेघ सहा रेघा वर उमटली. मी मनाशी म्हटलं, एवढं तर सकाळी झोपून उठल्यावर भरेलच. मैदानावर जाईपर्यंत वाढेलसुद्धा. मी स्वतःला काय काय म्हटलं! सारिकानं वळून ती रेघ पाहिली, त्यावर बोट ठेवलं आणि बापाच्या पायापाशी बसून हमसून हमसून रडली. म्हातारा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. त्या हाताखालीच ते माप होतं, सहा रेघा कमी. हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी पेटीत पेन्सिल ठेवत बसले.

त्याच आठवड्यात वनरक्षकाचे फॉर्म निघाले. तिथं मुलींना दीडशे सेंटिमीटर पुरतात. सारिका बारावी सायन्स, पळण्यात पहिली, रानात वाढलेली. ती नोकरी तिच्यासाठीच काढल्यासारखी होती. आम्ही दुपारी बसलो असताना तिनं मला विचारलं, "सुषे, भरू का दोन्ही? दोन्हीची मैदानं एकाच आठवड्यात येऊन राह्यली. त्यांचं पळणं येगळं, आपलं येगळं."

"तुझं तू बघ."

"भरून राह्यली न मी आता पंचावन्न? मंग दोन दगडांवर पाय कशाला."

मी काही बोलले नाही. तोंड उघडायला किती ताकद लागली असती? एका गोळाफेकीएवढीसुद्धा नाही. मुदत संपली त्या संध्याकाळी मी मुद्दाम दोन फेऱ्या जास्त पळाले आणि कडेला जाऊन ओकले. पोरी म्हणाल्या, ऊन लागलं. डिसेंबरात.

मैदानाच्या आदल्या दुपारी आम्ही शेवटचा खेळ मांडला. मी नेहमीप्रमाणे कागदावर सारिकाच्या नावापुढे दैत्य लिहिलं. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि ते खोडलं.

"आज ठेंगू."

शबाना ओरडली, "अरे, काय बिमार पडली का तू?"

सारिका हसत होती. अशी मोकळी हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं. "आता मला कशाला पाह्यजे दैत्य? भरले की मी. आता बारकीबी झाले तरी चालतंय." मग तिनं ठेंगू होऊन काय धमाल केली! टेबलाखालून गेली, उंदराच्या बिळातून गेली, लांबकानीच्या पिशवीत बसून किल्ला पार केला. त्या दिवशी तिनं एकही दार मागितलं नाही. सगळ्या खदखदा हसत होत्या. तेव्हा मला कळलं, की तिचा माझ्यावर किती विश्वास बसलाय. कळूनही मी पुढची चिठ्ठी काढली. वीसपैकी वीस, असं वाचलं.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला आडवी नेली. टेम्पोत गादी टाकली, तिला तीवर झोपवलं, दोन्ही बाजूंनी आम्ही तिघी. उभं राहायचं नाही, बसायचं नाही, मैदान येईपर्यंत पाठ जमिनीला. लोकांना हे हसू येण्यासारखं वाटेल. वडीगोद्रीपासून जालन्यापर्यंत एक धडधाकट पोरगी प्रेतासारखी निपचित पडून आकाश बघत आली. वाटेत थांबलो तिथं एका चहावाल्यानं शबानाला हळूच विचारलं, कोण गेलं?

अंबडला तिला मळमळायला लागलं. झोपून प्रवास, वर डिझेलचा वास. ती उठली, टेम्पोच्या कडेला धरून ओकली आणि बिचारी दहा मिनिटं तशीच बसून राहिली. मग पुन्हा आडवी झाली. मैदानावर नाव पुकारेपर्यंत रांगेत उभं राहावंच लागतं, सगळ्यांनाच लागतं. तिचा नंबर आला. मी तिच्या मागे चौथी. दांडी तिच्या डोक्यावर टेकली आणि समोरच्या बाईंनी आकडा वाचला. एकशे चौपन्न. त्यांनी दोनदा मोजलं. हळुवार हातानं मोजलं.

मी त्या दिवशी सगळ्या चाचण्या पार केल्या. माझी उंची एकशे एकसष्ट. मला कधी मोजावंच लागलं नव्हतं.

परतताना सारिका टेम्पोत बसून आली. आता झोपायचं कारण नव्हतं. अंबड आलं तसं ती बाहेर बघत म्हणाली, "हितं उठले न्हाई पाह्यजे व्हते. हितंच गेलं माझं."

मी तिचा हात धरला होता. सांगायला तीच वेळ होती. नंतर साखरपुड्याला होती, लग्नाला होती, ती केदारखेड्याला नांदायला गेली तेव्हा होती. दर दिवाळीला ती फोन करते, कापूस वेचून तळहात फाटल्याचं सांगते, आणि कधी ना कधी ते वाक्य येतंच. "माझ्यातच खोट गं. धा मिनिटं कळ न्हाई काढली मी." मी हूं म्हणते. दहा वर्षं मी त्या हूंवर पगार घेतेय. घरच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणाला, झालं ते झालं, आता सांगून कुणाचं भलं होणार? त्याचंही खरं. पण सांगितलं नाही म्हणून तरी कुणाचं झालं?

*

रविवारी सकाळी साडेसहाला माझ्या क्वार्टरपुढे जीप थांबली. पुढच्या सीटवरून सारिका उतरली. केस कानशिलावर पांढरे झालेत, बाकी तशीच, टणक. मागचं दार उघडून ती म्हणाली, "उतर. हळू. उड्या नको मारू." मागच्या सीटवर वैष्णवी आडवी झोपलेली होती. डोक्याखाली उशीही नव्हती.

"कालच माहेरी गेल्ते हिला आणाया. वडीगोद्रीहून उठू दिलं न्हाई हिला," सारिका मला अभिमानानं सांगायला लागली. "अंबडला गाडीच थांबू दिली न्हाई. माझ्यावानी नको व्हायला."

मी दोघींना आत घेतलं.

पोरगी गोड आहे. एकोणीस वर्षांची, तळहाताला सारिकासारखेच घट्टे. आत्या-भाची शेजारी उभ्या राहिल्या तर खांद्याला खांदा, डोक्याला डोकं, सुताचाही फरक नाही. म्हणजे आता हिचं खरं माप सांगितलं, की तिचं सांगितल्यासारखंच होतं. आणि नाही सांगितलं तर मंगळवारी मुदत. सांगू की नको, हेच मी रात्रभर घोळवलं होतं. सकाळी उठून स्वयंपाकघराच्या भिंतीवर टेप चिकटवतानाही, देवा, निदान ही तरी भरू दे, म्हणजे मी सुटेन, असंच मनात म्हणत होते. पाहा कशी आहे मी. पोरीसाठी नाही, माझ्यासाठी मागत होते.

वैष्णवी भिंतीला टाचा लावून उभी राहिली. मी स्टीलचा सपाट डबा तिच्या डोक्यावर धरला. सारिका टेपकडे बघत नव्हती. ती तिच्या बापासारखी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"भरती का?"

डबा वर सरकवायला काहीच लागत नाही. बोटाला सवय असते. माझं बोट हललं, मला कळलं ते हललेलं.

"न्हाई," मी म्हणाले. "चौपन्न-चार. हिचा वनाचा फॉर्म भर. आजच भर."

वैष्णवीचे डोळे भरले. सारिका मात्र हसली, समजूत घातल्यासारखं. "अगं असं कसं? माझ्याच मापाची हाय ती. पंचावन्न की बराबर. नीट बघ." मग ती स्वतःच चपला काढून भिंतीला लागली. "माझं मोज. मंग कळंल तुझी टेप चुकीची हाय का काय."

मी मोजलं. खरं मोजलं. तिनं मान वळवून भिंतीवर पाहिलं. वैष्णवीची रेघ आणि तिची रेघ एकच होती. एकीवर दुसरी मारावी तशी.

"मंग तवा किती आल्तं गं?"

"हेच."

"तू पंचावन्न म्हणल्ती."

"सहा रेघा मी घातल्या, सारिके. काका दारात उभे होते. मी घातल्या."

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. सारिका भिंतीला टेकूनच उभी होती, टाचा अजून लावलेल्या. बराच वेळ तिचे ओठ हलत राहिले, हिशेब लागत नसल्यासारखे.

"म्हंजी अंबडला मी उठून बसले..."

"त्यानं काहीच गेलं न्हाई. तू झोपून आली असतीस तरी भरली नसतीस."

तिनं मारायला हवं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या, त्या मी दहा वर्षं पाठ करून ठेवल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, आणि ते मी पाठ केलेलं नव्हतं.

"त्या दिवशी मी ठेंगू झाल्ते गं, सुषे."

"ठेंगू म्हंजी काय आत्या?" वैष्णवीनं विचारलं. सारिकानं चपला घातल्या, ओढणीनं पोरीचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, उघडलं आसंल फॉर्मवाल्याचं. फोटो आणलास न?" माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. चहाचे कप ओट्यावर तसेच राहिले.

माझ्या क्वार्टरचं दार चांगलं साडेसहा फुटी आहे. सारिका त्यातून वाकून बाहेर गेली.